खजिनदारबाईंनी खुर्ची मोडली

मंडळी, निवडणुकीला उभा राहिलेला माणूस काय म्हणतो? मला निवडून द्या, मी हे करीन, ते करीन. १९९४ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मार्था व्हाइटहेड या बाई म्हणाल्या, मला खजिनदार म्हणून निवडून द्या, मी हे पदच बंद करते!

आपल्याकडे पोतनीस तिजोरी सांभाळी आणि फडणीस हिशेब. टेक्सासातही साधारण तसंच होतं. तिजोरीला ट्रेझरर, हिशेबाला आणि करवसुलीला कम्प्ट्रोलर. दोघंही थेट लोकांनी निवडलेले. खजिनदाराचं पद तर टेक्सास स्वतंत्र देश होता तेव्हाचं, १८३६ सालापासूनचं. शिवाय ती मोठी शिडी होती. अ‍ॅन रिचर्ड्स तिथून गव्हर्नर झाल्या, के बेली हचिसन १९९३ साली सिनेटवर गेल्या. रिकाम्या झालेल्या त्या खुर्चीवर रिचर्ड्सबाईंनी व्हाइटहेडना नेमलं, आणि यांनी शिडीच मोडायला घेतली. त्या वर्षी खुद्द रिचर्ड्स बुशकडून हरल्या, पण व्हाइटहेड जिंकल्या!

पद राज्यघटनेतलं, त्यामुळे विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं आणि वर लोकांचं मतदान हवं. नोव्हेंबर १९९५ मध्ये लोकांनी होकार दिला. १ सप्टेंबर १९९६ ला कार्यालय बंद, कामं कम्प्ट्रोलरकडे.

खर्च वाचतो, एकच काम दोन ठिकाणी होत नाही, हे मलाही पटतं. पण मग इलिनॉय आठवतं. तिथे सरकारी पैसे देण्याचे आदेश काढणारा आणि हिशेब तपासणारा अधिकारी एकच होता, ऑर्व्हिल हॉज. गाड्या काय, विमानं काय! १९५६ साली शिकागोच्या एका वर्तमानपत्राने भांडं फोडलं, तेव्हा दहा लाख डॉलरहून जास्त रकमेचा अपहार निघाला. १९७० च्या नव्या घटनेत तिथल्या लोकांनी ती कामं मुद्दाम तोडली : देयकं कम्प्ट्रोलरकडे, तपासणी विधिमंडळाने नेमलेल्या ऑडिटर जनरलकडे. खजिनदार आधीपासून वेगळा होताच, तो वेगळाच ठेवला. दोन्ही पदं एक करा अशी मागणी तिथेही अधूनमधून होते, अजून झालेली नाहीत.

टेक्सासात तपासनीस वेगळा होता, तेव्हा तिथे हॉज निपजेलच असं मी म्हणत नाही. व्हाइटहेडबाईंबद्दल आदरच आहे, स्वतःची खुर्ची कोण सोडतं हो? तरी मी तिथली मतदार असते तर बाईंना मत दिलं असतं आणि त्यांच्या प्रस्तावाला नाही.