कोड लिहायच्या आधीचे कागद

आजचा भाग थोडा टेक, थोडा इतिहास. आणि नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लेखी अवतार.

८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक. ४०० मीटर हर्डल्सची फायनल. पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकतं. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. मला मात्र परवा वेगळाच प्रश्न पडला. त्या संध्याकाळी एखाद्या खेळाडूला घरच्यांचा आवाज ऐकावासा वाटला तर तो काय करणार? मोबाइल नाही, ईमेल नाही. १९७२ च्या म्युनिक हल्ल्यानंतर ऑलिंपिक व्हिलेजमध्ये कुणालाही सहज आत सोडत नाहीत. इकडे भारतात तर फोन कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं वेटिंग. घरात फोन असलाच तर तो काळा, बोटानं तबकडी फिरवायचा, आणि परदेशी कॉल म्हणजे ट्रंक कॉल बुक करून बसून राहणं.

या प्रश्नाचं एक उत्तर त्याच ऑलिंपिकमध्ये होतं : आयबीएमची ऑलिंपिक मेसेज सिस्टीम. सोप्या भाषेत, खेळाडूंसाठीची व्हॉइसमेल. आज आपण व्हॉट्सॲपवर दोन-दोन मिनिटांच्या व्हॉइस नोट टाकून लोकांना छळतो, त्याची ही खापरपणजी म्हणा.

तिचं मूळ ऑफिसात आहे. न्यूयॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्सला आयबीएमचं संशोधन केंद्र आहे. तिथे जॉन गूल्ड आणि स्टीफन बॉइस यांच्या टीमनं सत्तरच्या दशकात 'स्पीच फायलिंग सिस्टीम' बनवायला घेतली. कल्पना अशी की साहेब लोक फोनवर मजकूर सांगतील, तो आवाजातच साठवला जाईल आणि तिथेच एडिट होईल. लोकांच्या हातात दिल्यावर काय झालं? मजकूर सांगणं राहिलं बाजूला, साहेब लोक एकमेकांना निरोपच पाठवायला लागले! टीमनं हट्ट धरला नाही. सिस्टीम निरोपांची झाली. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली असणार : आपण ज्यासाठी बनवतो आणि लोक ज्यासाठी वापरतात, त्यात अंतर असतं, आणि ते अंतर लवकर कळलं तर बरं.

ऑलिंपिकला तर 'लवकर' हाच जीवनमरणाचा प्रश्न होता. २८ जुलैला उद्घाटन म्हणजे २८ जुलैलाच. मॅनेजरला 'सर, दोन आठवडे सरकवू या का' असं विचारायची सोय नाही. वापरणारे १४० देशांचे, निरोप १२ भाषांत, आणि ट्रेनिंग द्यायला कुणाला वेळ नाही.

मग गूल्डच्या टीमनं सुरुवात कशानं केली? कागदानं. एक ओळ कोड नाही. त्यांनी संवाद लिहून काढले, अगदी एकांकिकेसारखे. खेळाडू फोन उचलतो, सिस्टीम काय म्हणते, तो कुठलं बटण दाबतो, मग सिस्टीम काय म्हणते. ही पानं प्रिंट करून लोकांना वाचायला दिली आणि विचारलं, हे जमेल का?

त्यांनी नंतर लिहिलेल्या पेपरात असाच एक संवाद आहे. आयर्लंडच्या खेळाडूचा पालक आपल्या देशाच्या ऑलिंपिक समितीच्या ऑफिसात फोन करतो. तिथला माणूस मुलाचं नाव विचारतो, स्पेलिंग विचारतो, जरा थांबा म्हणतो आणि कॉल सिस्टीमला जोडून देतो. पालकानं बोलायचं आणि फोन ठेवायचा. बस्स. निरोप आपोआप जातो. पालकाला एकही बटण दाबावं लागत नाही. बटणवाला फोन तेव्हा बऱ्याच देशांत नव्हताच, त्यामुळे मध्ये एक माणूस बसवणं हाच उपाय होता. आपण इंजिनीअर मंडळी मात्र 'मध्ये माणूस' म्हटलं की नाक मुरडतो, ते 'स्केल' होत नाही ना!

आता खेळाडूची बाजू. त्यानं देशाचा तीन अक्षरी कोड दाबायचा, मग आडनाव, मग पासवर्ड. फोनच्या एका बटणावर तीन-तीन अक्षरं असायची. कागदावर वाचताना गंमत कशी होते त्याचं उदाहरण मी माझ्या मनानं घेते. त्या वर्षी भारतीय हॉकी टीमचा कॅप्टन होता झफर इक्बाल. इक्बालमध्ये येतो 'क्यू', झफरमध्ये 'झेड'. आणि तेव्हाच्या अमेरिकन फोनच्या बटणांवर क्यू आणि झेड ही अक्षरंच नसायची! प्रोग्रामर स्वतःच्या नावानं टेस्ट करत बसला तर हे त्याच्या ध्यानात येणारच नाही. पण ते पान एखाद्या इक्बालच्या हातात द्या, पहिल्या मिनिटाला विचारेल, 'अहो, माझं अक्षर कुठंय?'

कागदाची खरी ताकद इथे आहे. चालणारं, चकाचक सॉफ्टवेअर समोर ठेवलं की माणसं भिडस्त होतात. 'छान आहे, फक्त हा रंग जरा...' एवढंच बोलतात. कागदावर मात्र बिनधास्त पेन चालवतात. आणि ज्यानं लिहिलंय त्याचंही काळीज तुटत नाही, कारण दोन पानंच तर होती.

त्याच टीमचं अजून एक काम मला फार आवडतं. व्हिलेजमध्ये किऑस्क उभे राहणार होते. त्यांनी यॉर्कटाउनच्या इमारतीत, येण्याजाण्याच्या वाटेवर एक पोकळ नळकांडं उभं केलं आणि त्यावर स्क्रीनची चित्रं चिकटवली. आत काही नाही, वायरसुद्धा नाही. जाता-येता लोक थांबायचे, मतं द्यायचे. यूजर गाइडसुद्धा शेवटी नाही, सुरुवातीलाच लिहायला घेतलं. जी गोष्ट साध्या वाक्यात समजावता येत नाही, ती डिझाइनमध्येच गंडलेली असते, हे लिहिताना कळतं.

याच काळात गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी सिस्टीम बनवणाऱ्या ४४७ लोकांना विचारलं होतं, चांगली सिस्टीम डिझाइन करायच्या मुख्य पायऱ्या कोणत्या? त्यांना तीन उत्तरं अपेक्षित होती : वापरणाऱ्याला सुरुवातीलाच भेटा, त्याच्यावर चाचणी करून मोजा, आणि पुन्हा पुन्हा सुधारा. तिन्ही सांगणारे निघाले १६ टक्के.

उरलेल्या ८४ टक्क्यांत मीही बसले असते. पहिल्या नोकरीत आम्ही ऑफिसातल्या रजेच्या अर्जांसाठी मेसेजिंग सिस्टीम बनवली. अर्ज साहेबांना जाणार, साहेब 'मंजूर' दाबणार, निरोप परत येणार. चार महिने राबलो. पहिल्याच दिवशी एका सुपरवायझर काकांनी विचारलं, 'मी स्वतः रजेवर असलो तर माझ्या पोरांची रजा कोण मंजूर करणार?' आमच्या डेटाबेसमध्ये त्या 'कोण'साठी कॉलमच नव्हता. पुढचा महिना त्यातच गेला, आणि तोवर काकांच्या टीममधल्या एकाला बहिणीच्या लग्नाची रजा वेळेत मिळाली नाही. एक पान लिहून काकांना चहाच्या वेळी दाखवलं असतं तर? चहा संपायच्या आत कळलं असतं.

यॉर्कटाउनवाले अर्थात कागदावर थांबले नाहीत. मग चालणारे नमुने आले. ऑलिंपिकच्या आधी लॉस एंजेलिसला परदेशी खेळाडूंसोबत प्रत्यक्ष चाचणी झाली. कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्यांना बोलावून 'ही मोडून दाखवा' असंही आव्हान दिलं. (असं काम मला कॉलेजात कुणी दिलं असतं तर अटेंडन्स शंभर टक्के असती.)

स्पर्धेच्या काळात ती सिस्टीम रात्रंदिवस चालू होती आणि खेळाडूंनी ती ४० हजारांहून जास्त वेळा वापरली. नळकांड्यावर चिकटवलेल्या चित्रांच्या जागी आता खरे किऑस्क होते, आणि खेळाडू तिथे जाऊन आपल्या नावावर निरोप आलाय का ते बघत होते.

पुढच्या भागात याच गूल्ड साहेबांचा अजून एक प्रयोग : बोललेलं टाइप करणारं मशीन, ज्यात टाइप करणारा माणूस दुसऱ्या खोलीत लपलेला होता! भेटू या.