प्लेगची मुंबई कुणी तारली?

शाळेच्या पुस्तकात प्लेग आला की मागोमाग रँड येतो, चाफेकर येतात, पिस्तुलाचा बार होतो आणि धडा संपतो. प्लेग म्हणजे २२ जून १८९७ ची पुण्यातली ती रात्र, एवढंच आपल्याला शिकवलं गेलं. मला प्लेग कळला तो आजीच्या बोलण्यातून. 'पिलेगच्या सालात' असं ती म्हणायची. तिनं तो पाहिला नव्हता, तिच्या सासूनं पाहिला होता. त्या बोलण्यात रँड नव्हता. ओस पडलेल्या गल्ल्या होत्या, औषधाचा उग्र वास होता आणि डोक्यावरची पाटी होती.

मित्रांनो, शहरं संकटानं मोडतात, भ्रष्टाचारानं सडतात आणि नव्या शोधांनी पुन्हा उभी राहतात, असं विद्वान सांगतात. कबूल. पण शहर मोडलं तेव्हा त्याची घाण कुणी उचलली? पैसा कुणी खाल्ला? आणि शोधाचं सुख कुणाच्या घरात शिरलं? हे तीन प्रश्न घेऊन मी मुंबईकडे बघतो.

सप्टेंबर १८९६. मांडवी बंदराजवळची धान्याची गोदामं, त्यांना चिकटलेल्या कोंदट चाळी. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथं प्लेगचा रोगी ओळखला. पाठोपाठ पळापळ सुरू झाली. सव्वाआठ लाख वस्तीचं हे शहर. १८९७ उजाडता उजाडता त्यातली जवळजवळ निम्मी माणसं निघून गेली. शेटजी बंगले बंद करून गेले, गिरणीकामगार गावाकडे गेले.

मग सगळेच का नाही गेले?

ऑक्टोबर १८९६ मध्ये म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला: रोग्याला जबरदस्तीनं इस्पितळात नेणार. लोक खवळले. त्याच महिन्याच्या अखेरीस हुकूम सैल करावा लागला. साहेबाला एक मोठी धास्ती होती ती हलालखोरांची. संडासाच्या टोपल्या वाहणारी, गटारं उपसणारी, कचरा ओढणारी माणसं भिऊन पळाली, तर हे शहर राहण्यालायकच उरणार नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. कोण होती ही माणसं? गुजरात-काठेवाडातून आलेले भंगी, मेघवाळ; कोकण-देशावरून आलेले महार. ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांचे पाय शहराबाहेर पडू नयेत म्हणून अख्खं सरकार कासावीस झालं होतं!

पण सरकार काही नुसत्या मिनतवारीवर अवलंबून नव्हतं. आधी १८८९ मध्ये मुंबईच्या हलालखोरांनी संप करून दाखवला होता. दुसऱ्याच वर्षी, १८९० मध्ये, इलाख्यात कायदा आला: म्युनिसिपालिटीच्या सफाई नोकरानं परवानगी-नोटिशीवाचून काम सोडलं तर तुरुंग. गिरणीमालकानं गिरणी बंद केली तर तो व्यापार, आणि मेहतरानं पाटी खाली ठेवली तर तो गुन्हा. गावात बलुतं होतं, शहरात त्याला कलम लागलं. फरक तो काय?

आता शोधांकडे या. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं मुंबईतच काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तपासली. त्या माणसाला माझा सलाम. पण बाकीचं सरकारी शास्त्र? प्लेग घाणीतून, कोंदट हवेतून येतो, असं ते धरून चाललं होतं. म्हणून गटारांत औषधं ओतली, घरांची कौलं फोडून उजेड आत घेतला आणि भिंतींवर 'यू.एच.एच.' अशी तीन अक्षरं रंगवली. म्हणजे माणसानं राहण्यास नालायक. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं सांगितलं, रोग पसरवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. ते सर्वमान्य व्हायला पुढं आणखी काही वर्षं गेली. गुन्हेगार पिसू होती. घर मात्र गरिबाचं पाडलं गेलं.

पाडण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. समुद्राची हवा शहरात खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्यानं काढले. हवा आली, पण तिथं राहणारी माणसं कुठं गेली? ट्रस्टनं कित्येक वर्षं पाडल्या जास्त आणि बांधल्या कमी. उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत घुसली आणि गर्दी दुप्पट झाली. यात खाण्याची सोय कायद्यातच होती. मालकाला भरपाई मिळे ती भाड्याच्या उत्पन्नावरून. जितकी माणसं कोंबाल, तितकं भाडं आणि तितकी मोठी भरपाई. घाण करणाऱ्याला बक्षीस, घाणीत राहणाऱ्याला नोटीस! खाली म्युनिसिपालिटीच्या मोरीपर्यंतही हीच रीत. झाडूची नोकरी लागायला मुकादमाला दस्तुरी द्यायची, आणि दस्तुरीसाठी पठाणाचं व्याज काढायचं.

पण इतिहास सरळ चालत नाही. त्याच ट्रस्टनं परळला चाळी बांधल्या. त्यातल्या एका चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. जवळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. प्लेगच्या भीतीनं बांधलेल्या खोलीत आपल्या चळवळीचा दिवा जळला. हे ट्रस्टचे उपकार नव्हेत. मिळालेल्या खोलीचं काय करायचं, ते आपल्या बापानं ठरवलं.

पुढं १९२० नंतर गव्हर्नर लॉइडच्या डेव्हलपमेंट खात्यानं बीडीडी चाळी बांधल्या. पन्नास हजार खोल्यांचं वचन होतं, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. १६० चौरस फुटांची सिमेंटची पेटी. त्याच खात्यानं बॅक बे इथं समुद्र बुजवायला काढला आणि त्यात पाण्यासारखा पैसा गेला. नरिमन यांनी तो घोटाळा चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, १९२८ मध्ये ते निर्दोष सुटले. समुद्राच्या भरावावर पुढं श्रीमंतांचे इमले उठले. आपल्या वाट्याला पेट्या आल्या. १९३० मध्ये वरळीच्या काही चाळी सरकारनं तुरुंग म्हणून वापरल्या. वेगळं बांधकाम करावं लागलं नाही! त्याच वरळीत जानेवारी १९७४ मध्ये आपल्यावर दगड आणि पोलिसांच्या लाठ्या बरसल्या. त्याच महिन्यात १० तारखेला परळच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले.

आज त्या चाळी पाडून टॉवर उठताहेत. मोठी खोली मिळते आहे, ती घ्यावी, हक्काची आहे. पण शहरानं हिशेब मिटवला असं कुणी म्हणू नये. हातानं मैला उचलण्यावर १९९३ आणि २०१३ मध्ये बंदीचे कायदे झाले. तरी गटारात उतरून माणसं मरतात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मरणाची भरपाई तीस लाख ठरवली. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला गटारात यंत्र उतरवणं जड जातं, कारण माणूस अजून स्वस्त पडतो, आणि तो कुठल्या जातीचा हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं मागणं साधं आहे. चाळ पाडली जाण्याआधी एक वही घेऊन तिथं जा. सफाईत हयात घालवलेल्या म्हाताऱ्यांना विचारा: कामाला कसे लागलात, मुकादमानं किती घेतले, संप केला तेव्हा काय झालं? लिहून घ्या. १८९६ मध्ये मुंबईचं कमिशनर ऑफिस ज्यांच्या जाण्याला भ्यालं, त्यांना आपली ताकद माहीत नव्हती असं मी मानत नाही. १८८९ चा संप त्यांनीच केला होता. तो आपल्याला कुणी शिकवला नाही, एवढंच.

जय भीम.