उसना ठेका की आपला?

खामगावात एका रसिक वकील मित्राच्या घरी दर रविवारी आम्ही पाच-सात जण गाणी ऐकायला जमतो. मागच्या बैठकीत टिटो प्वेन्तेची ‘डान्समेनिया ९९ : लाइव्ह ॲट बर्डलँड’ ही ध्वनिमुद्रिका लागली होती. प्वेन्तेचा जन्म १९२३चा. म्हणजे न्यूयॉर्कच्या भरल्या बर्डलँड क्लबात, श्रोत्यांसमोर, पंचाहत्तरीतला हा बँडमास्टर टिंबालेसच्या जोड ढोलांवर काठ्या चालवतो आहे. खोली भारावून गेली होती. गाणे संपल्यावर मित्र म्हणाले, “खरे लॅटिन संगीत हे. आपल्या सी. रामचंद्रांनी केली ती नुसती नक्कल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान हलली नाही. का हलली नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो मांडणारी माणसे जाणकार आहेत. ते म्हणतात : अण्णांनी, म्हणजे रामचंद्र चितळकर ऊर्फ सी. रामचंद्रांनी, परदेशी चाली उचलल्या, ‘समाधी’तले (१९५०) ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ हा त्याचा धडधडीत पुरावा. दुसरे असे, की त्यांच्या वाद्यमेळाची करामत गोव्याच्या वादकांची. अण्णांचे त्यात फक्त नाव. आणि अण्णांची खरी ओळख ‘अनारकली’ (१९५३). ‘अलबेला’तला (१९५१) धांगडधिंगा ही धंद्याची गरज. या तिन्ही म्हणण्यांत थोडे-थोडे तथ्य आहे. म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली.

‘गोरे गोरे’ची चाल एडमुंडो रॉस यांच्या बँडने वाजवलेल्या ‘चिको चिको (फ्रॉम पोर्तो रिको)’वरून आली, हे खरेच आहे. अण्णांच्या बाजूने बोलताना ते झाकायचे कारण नाही. मूळ रचनाकाराला श्रेय मिळायला हवे होते, हेही निःसंकोच मान्य. पण ज्याला आपण ‘अस्सल लॅटिन’ मूळ म्हणतो, त्याची वंशावळ एकदा पाहावी. हे गाणे ‘डॉल फेस’ (१९४५) या हॉलिवूडच्या चित्रपटातले. चाल बॉस्टनच्या जिमी मॅकह्यूची. गायिका कारमेन मिरांडा, जन्माने पोर्तुगीज, वाढलेली ब्राझीलमध्ये. रॉस जन्मले त्रिनिदादला, वाढले व्हेनेझुएलात, बँड चालवला लंडनमध्ये. गाण्याच्या नावातले पोर्तो रिको या सगळ्यात कुठे आहे? फक्त नावात. मग अण्णांनी नेमकी कोणाच्या घरची वस्तू उचलली? आणि उचलून केले काय? लता आणि अमीरबाई कर्नाटकी या दोघींच्या गळ्यांत ती चाल घालून तिला ठसकेबाज छेडछाडीचे रूप दिले. तो ठसका मूळ गाण्यात नाही.

ज्या प्वेन्तेच्या वादनावर आमची बैठक खूश झाली, त्याच्याकडेही याच नजरेने पाहू. त्याची सर्वांत गाजलेली रचना ‘ओये कोमो वा’. तिची सुरुवात क्यूबाच्या काचाओच्या ‘चांचुयो’शी किती जुळते, हे दोन्ही तबकड्या लागोपाठ लावल्या की लगेच कळते. डिझी गिलेस्पीने १९४७ साली क्यूबन तालवादक चानो पोझोला आपल्या बँडमध्ये घेतले आणि ‘मांतेका’ ध्वनिमुद्रित केले. जगाने त्याला नक्कल म्हटले नाही, नव्या शैलीचा जन्म म्हटले. न्यूयॉर्कमध्ये जे निर्मिती ठरते, ते मुंबईत चोरी कसे ठरते? न्यायाचा काटा एकच हवा.

आता गोव्याच्या वादकांचा मुद्दा. यात मला वाद घालायचा नाही, उलट आग्रहाने भर घालायची आहे. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट (१९१६–१९६७), हा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड चालवणारा अव्वल ट्रम्पेटवादक होता आणि अण्णांचा सहायकही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवत. त्या शिकवणीवर मुंबईचा बराचसा सिने-वाद्यवृंद उभा राहिला. एवढे सगळे मान्य. पण त्यातून अण्णा लहान होतात, हे अनुमान कुठून निघते? ‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा जो मेळ आहे, तो वाजवणारे हात गोव्याचे असतील, पण त्या मेळातून आपल्या आवाजाने लताबरोबर वाट काढत जाणारी चाल चितळकरांची आहे. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या, त्या बंदिशी बुवांनी स्वतः रचल्या होत्या का, असे कोणी विचारते का? आणि अण्णांनी चिकला लपवलेही नाही. ‘अलबेला’त चिक आणि त्याचे वादक पडद्यावर दिसतात.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र तालाचा आहे, आणि तो कानानेच पटवता येतो. वाचकांनी एक करून पाहावे. केरव्याची दोन आवर्तने, म्हणजे सोळा मात्रा, तोंडाने संथ मोजा. मोजता मोजता पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टेबलावर बोटाच्या पेराने ठोका द्या. हाच क्यूबाचा ‘क्लाव्हे’. क्यूबन वळणाचे बरेचसे लॅटिन जॅझ या पाच ठोक्यांवर उभे आहे. पहिल्या आठात तीन ठोके, दुसऱ्या आठात दोन. एक बाजू भरलेली, दुसरी मोकळी. क्लाव्हे म्हणजे केरवाच, असे माझे म्हणणे नाही. दोघांचा स्वभाव वेगळा, चाल वेगळी. पण आवर्तनात भरीनंतर खालीची वाट पाहायला शिकलेल्या कानाला ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही. विनायकबुवा पटवर्धनांकडे तालीम घेतलेल्या अण्णांचा कान तसाच होता. त्यांनी लॅटिन ठेका वरून चिकटवला नाही, तो केरव्याच्या शेजारी नांदवला.

गेल्या लग्नसराईत चिखलीच्या एका वरातीत मी बँडच्या मागे चालत होतो. ट्रम्पेटवर ‘अलबेला’तले ‘भोली सूरत’ चालू होते. खुळखुळे हातात घेतलेला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा सरळ ठेका सोडून तीन-तीन-दोन असा झटका देत होता. त्याला ते कोणी मोजून शिकवले असेल, असे वाटत नाही. साठ-सत्तर वर्षे वरातीतून वाजत आलेली गोष्ट त्याच्या मनगटात उतरली होती. जी नक्कल असते, ती पिढ्यान्‌पिढ्या अशी मुरत नाही.

राहता राहिली ‘खरे अण्णा’ आणि ‘बाजारू अण्णा’ ही फाळणी. ती करणाऱ्यांनी ‘अलबेला’ पुन्हा ऐकावा. ‘शोला जो भडके’ ज्या चित्रपटात आहे, त्याच चित्रपटात ‘धीरे से आजा री अखियन में’ ही अंगाई आहे. संगीतकार तोच, लताही तीच. एकाला साधना म्हणायचे आणि दुसऱ्याला धंदा, यासाठी आधार कोणता?

माझ्या मित्राला याच जिल्ह्यातल्या आणखी एका वकिलाची आठवण करून देतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी खामगावात आणि जळगाव जामोदला वकिली केली. त्यांनी ‘वीरतनय’मध्ये (१८९६) पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या चाली आणल्या. किर्लोस्करांच्या साक्या-दिंड्यांना सरावलेल्या कानांना त्या नवख्या होत्या. आज त्या नाटकाला आपण उसन्या मालाचे दुकान म्हणत नाही. मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासात त्याला मानाने जागा देतो. खामगावात बसून कोल्हटकरांना हा मान द्यायचा आणि पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना तोच नाकारायचा, हे न्यायाला धरून नाही.

पुरावा वाचकांपुढे ठेवला आहे. निवाडा त्यांनी करावा. वकील मित्राकडे माझी मागणी एवढीच : ‘नक्कल’ हा शब्द मागे घ्या. येत्या रविवारी मी ‘अलबेला’ घेऊन येतो. बर्डलँडची ध्वनिमुद्रिका तुम्ही काढून ठेवा. दोन्ही एकाच बैठकीत, लागोपाठ ऐकू.