वंडरशेपरची कुळकथा

लिनक्सवर नेटचा वेग आवरायला वंडरशेपर वापरणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: एका डिस्ट्रोवर बिनबोभाट चालणारी कमांड दुसऱ्या डिस्ट्रोवर अडते. मग खापर डिस्ट्रोवर फुटतं. पण या टूलचं कूळ शोधत गेलं की दिसतं, वेग आवरण्याचं काम ते स्वतः करतच नाही. ते काम कर्नलचं. अलेक्सेई कुझ्नेत्सोव यांची ट्रॅफिक कंट्रोल यंत्रणा १९९९च्या २.२ कर्नलसोबत सर्वांच्या हाती आली. तिच्याशी बोलायला 'टीसी' ही कमांड. टीसीची भाषा भयंकर किचकट, म्हणून बर्ट ह्यूबर्ट यांनी २००२च्या सुमारास तिच्यावर एक छोटी शेल स्क्रिप्ट चढवली. तोच वंडरशेपर. पुढे दुसऱ्या हातांनी ती नव्याने लिहिली गेली, नाव मात्र तेच राहिलं. जुनीला इंटरफेस, डाउनलोड आणि अपलोड हे ओळीने द्यायचे. नवीला प्रत्येकाआधी ए, डी, यू असे पर्याय लागतात. डेबियन-उबुंटूच्या भांडारांत जुनी १.१ए आवृत्ती बरीच वर्षं राहिली, त्यामुळे एकाच नावाखाली दोन वेगळी टूल्स नांदत होती. डाउनलोडच्या बाबतीत तर दोघींची रीतच वेगळी. येणारं पॅकेट दारात पोचलेलं असतं, त्याला रांगेत उभं करणं अवघड. जुनी स्क्रिप्ट मर्यादेबाहेरची पॅकेट्स सरळ टाकून देते आणि समोरचा टीसीपी हळू होण्याची वाट पाहते. नवी तोच प्रवाह आयएफबी नावाच्या आभासी इंटरफेसवरून वळवून रांग लावते. आकडा तोच दिला तरी प्रत्यक्ष वेग वेगळा पडतो, तो यामुळे.

यावर कोणी म्हणेल, डिस्ट्रोंमध्ये खरेच फरक आहेत की! आहेत. फेडोरात टीसी 'आयप्रूट-टीसी' या वेगळ्या पॅकेजात असते, आणि कृत्रिम विलंब घालणारं नेटएम मॉड्यूल 'कर्नल-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा'मध्ये. ते नसेल तर सांगितलेली क्यूडिस्क (म्हणजे पॅकेट्सची रांग लावण्याची पद्धत) सापडत नाही, एवढंच उत्तर मिळतं. जुन्या लेखांत सर्रास दिसणारं इंटरफेसचं नाव 'ईटीएच०' आज बहुतेक ठिकाणी 'ईएनपी३एस०' असं काहीतरी असतं. पण हे सगळे फरक वेष्टनाचे. आतली यंत्रणा एकच. म्हणून स्क्रिप्ट चाळत बसण्याऐवजी 'टीसी क्यूडिस्क शो' चालवून थेट कर्नललाच विचारावं. उत्तरात एचटीबी ही वेग बांधणारी क्यूडिस्क दिसली, तर बंधन लागलेलं आहे. नुसतं 'एफक्यू-कोडेल' किंवा 'पीफिफो-फास्ट' दिसलं, तर ती मुळातली मांडणी आहे, स्क्रिप्टने काहीच बसवलेलं नाही.

वेग आवरणं हे कर्नलचंच काम, या म्हणण्यावर खरा आक्षेप ट्रिकलचा आहे. मारियस एरिक्सन यांचं हे टूल कर्नलला हातच लावत नाही. प्रोग्रॅम सुरू होताना मध्ये एक लायब्ररी घुसवून सॉकेटचे व्यवहार लांबवतं. मात्र त्याचं अपयशही डिस्ट्रोवर नव्हे, प्रोग्रॅमच्या बांधणीवर ठरतं: गो भाषेतले कित्येक प्रोग्रॅम स्टॅटिक बांधलेले असतात, त्यांच्यात घुसायला जागाच नसते, आणि ट्रिकल चूक न दाखवता निष्प्रभ ठरतं. अशा प्रोग्रॅमसाठी पुन्हा टीसीकडेच यावं लागतं.