अटलांटाची गाडी कुठे थांबली?



अटलांटाच्या विमानतळावर उतरून तुम्ही कधी मार्टाची गाडी पकडली असेल, तर ती उत्तरेला नॉर्थ स्प्रिंग्जपर्यंतच जाते हे तुम्हाला ठाऊक असेल. अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या भागांत आपली बरीच मंडळी राहतात, पण तिथवर ही गाडी पोचत नाही. गाडी कुठे जायची हे ठरलं मतपेटीत.

१९६५ मध्ये कॉब काउंटीने मार्टाला नकार दिला. १९७१ मध्ये डॉलरमागे एक सेंट विक्रीकराचा प्रश्न मतदारांपुढे आला. फुल्टन आणि डिकॅल्ब 'हो' म्हणाले, क्लेटन आणि ग्विनेट 'नाही'. कराचा विरोध होताच, पण शहरातले कृष्णवर्णीय आपल्या वस्तीत येतील ही गोऱ्या उपनगरांची भीतीही त्यामागे होती. ज्यांनी कर स्वीकारला, त्यांच्याकडे बसचं तिकीट ४० सेंटांवरून १५ सेंटांवर आलं आणि १९७९ मध्ये रेल्वे सुरू झाली.

पुढे क्लेटनची वस्ती बदलली. गोरी कुटुंबं दूर गेली, कृष्णवर्णीय बहुसंख्य झाले. नकार दिला होता एका पिढीने, त्याची किंमत मोजली दुसरीने. काउंटीने स्वतःची बससेवा चालवली, पण पैसे संपले आणि ३१ मार्च २०१० रोजी तीही बंद पडली. विमानतळाचा मोठा भाग याच काउंटीत, पण गाडी नसलेल्याला तिथे कामावर जायला बस नाही! २०१४ मध्ये क्लेटनच्या सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी स्वतःवर कर लावून घेतला, आणि २०१५ मध्ये बस परत आली.

राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास सांगतो की अटलांटा भागात सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या शंभर मुलांपैकी जेमतेम चार-पाच जण सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यात पोचतात. सॅन होजेत सुमारे तेरा. याला कारणं अनेक आहेत. पण कामावर जायला जिथे कमी वेळ लागतो, तिथली मुलं जास्त वर चढतात, हेही त्यात दिसलं.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली. पुढे 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद झालं. आपल्या आजोळच्या गावाला एसटीसाठी मतदान करावं लागलं नाही. इथे मात्र ते करावं लागतं. ग्विनेटने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये 'नाही' म्हटलं.

तुमच्यापैकी अनेकांना आता इथे मताचा हक्क आहे. मतपत्रिकेच्या तळाशी असा एखादा कराचा प्रश्न दिसला, तर तो ओलांडून पुढे जाऊ नका. 'हो' म्हणा की 'नाही', पण ज्याच्या दारी गाडी नाही तो उद्या कामावर कसा पोचेल, हे आठवून म्हणा.