पाहुण्याचं तोंड कुणीकडे

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत लग्न लागलं की मागोमाग आंदणाचा टेम्पो निघतो. दिवाण, आलमारी, ड्रेसिंग टेबल, गाद्या, कूलर, भांडीकुंडी आणि अलीकडे सोफासेट. टेम्पो नवऱ्या मुलाच्या दारात लागतो, चार जण सोफा उतरवतात, अंगणातून सपरीत आणतात आणि माजघराच्या दाराशी येऊन अडकतात. सोफा आडवा जात नाही, उभा केला तरी जात नाही. चौकट जुनी, सागाची, माणसानं मान वाकवूनच आत यावं अशा बेतानं बसवलेली. कुणी पाय उघडायला पाना शोधतं, कुणी खिडकी मोजतं. शेवटी घरातलं वडीलधारं माणूस निकाल देतं : राहू द्या सपरीतच. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. आंदण मात्र ‘मुलीला प्रेमानं दिलेलं’ या नावाखाली चालूच आहे, आणि अनेक घरांत बैठकीची मांडणी व्याह्यांनी शहरातल्या दुकानात खोली न पाहता केलेल्या खरेदीवर ठरते.

केशोरी हे या मुलखातलं गाव. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या सीमेलगत. धानाची बांधी, मिरचीचं पीक आणि आजूबाजूला जंगल. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा होईपर्यंत हा सगळा भाग भंडाऱ्यात होता. इथे सोफा ही कालची गोष्ट आहे. त्याआधी माणसं बसत होती, पाहुणे येत होते, बैठका होत होत्या, आणि त्या सगळ्याची एक ठरलेली मांडणी होती. ती समजून घ्यायची तर आधी सपरी पाहावी लागते.

सपरी म्हणजे घराच्या पुढच्या अंगाची पडवी, पुण्या-साताऱ्याकडची ओसरी. लांबीला जवळजवळ घराएवढी, रुंदीला जेमतेम एक खाट आणि तिच्यापुढून जायला वाट. एवढी लांबट आणि अरुंद जागा कुणी हौसेनं आखली नाही, ती छपरानं आखून दिली. कवेलूचं छप्पर मधल्या आड्यापासून अंगणाकडे उतरत येतं. पाऊस भरपूर, त्यामुळे उतार चांगला हवा. सपरी जितकी रुंद करावी तितकी पुढची वळचण खाली येते. आणखी दोन फूट वाढवली तर पाहुण्याला रांगतच आत यावं लागेल. लाकडाचंही गणित होतंच. जुन्या मराठी घरांचं माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फूट. घर तीन खणी, पाच खणी असं वाढे ते लांबीत. रुंदी तुळईच्या ताकदीवर अडे. साग, येन, बिजा असं भक्कम लाकूड झाडीत हाताशी होतं, तरी खांबांशिवाय मोठी चौकोनी खोली काढणं साध्या घराच्या आवाक्यातलं नव्हतंच.

अशा जागेत एकच मांडणी जमते. खाट भिंतीला लावायची, तिच्या शेजारी दुसरी खाट, नाहीतर माची, नाहीतर खाली चटई. सगळे एका ओळीत, पाठ भिंतीला आणि तोंड अंगणाकडे. पाहुणा आणि यजमान समोरासमोर बसत नाहीत, शेजारी बसतात, आणि बोलताना दोघांचीही नजर रस्त्यावर असते. कोण कुठून आलं, कुणाची बैलगाडी गेली, कुणाच्या घरी डॉक्टर आला, हे सगळं बोलण्यात आपोआप शिरतं. अवघड बोलणी करायला तर ही बैठक फार सोयीची. सोयरीक, उधारी, बांधाचं भांडण यातलं काहीही एकमेकांच्या डोळ्यांत न पाहता काढता येतं.

या बैठकीतली मुख्य वस्तू म्हणजे खाट. चार पाय, चार दांड्या आणि अंबाडीच्या नाहीतर सुंभाच्या दोरीची वीण. वीण पूर्ण लांबीची नसते. पायगतीकडे वीतभर जागा मोकळी सोडून तिथे वेगळी दोरी ओवलेली असते. माणसाच्या वजनानं वीण सैलावली, खाटेचा झोळणा झाला, की फक्त ही दोरी सोडायची, पाय दांडीला रेटून एकेक फेरा ओढत जायचा आणि शेवटची गाठ मारायची. सुतार नको, दुकान नको. पण मांडणीच्या दृष्टीनं खाटेचा मोठा गुण तिचं वजन. एक माणूस ती उचलतो. दिवसा भिंतीला उभी केली की सपरी मोकळी. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात टाकली की निजायची जागा. पाऊस आला की पुन्हा आत. दारी वाळवण पडलं की म्हातारं माणूस तीच खाट सावलीला ओढून कोंबड्या हाकत बसतं.

घरात न हलणारं सामान एकच, ते म्हणजे धान. बांबूची विणून शेणामातीनं लिंपलेली ढोली, नाहीतर मातीची कोठी. कित्येक घरांत कोठ्याच ओळीनं अशा उभ्या केलेल्या असत की त्यांच्या पलीकडे दुसरी खोली तयार होई. भिंत बांधायचं काम वाचे. कापणी-मळणीच्या दिवसांत पोत्यांची थप्पी थेट सपरीत लागते आणि पाहुणे थप्पीला टेकून बसतात. असं चांगलं टेकण शहरातल्या सोफ्यालाही नसतं.

ही मांडणी दिसायला साधी, पण तिच्यात कोण कुठे बसेल याचे नियम कडक होते. सासऱ्यासमोर सून खाटेवर बसत नसे. बायकांची जागा माजघराच्या उंबऱ्याआत, आवाज बाहेर जाईल पण चेहरा दिसणार नाही अशी. वडील खाटेवर असले की धाकटा खाली. जातीची उतरंड तर इंचाइंचानं मोजलेली होती : कुणाला खाट, कुणाला चटई, कुणाला सपरीची पायरी आणि कुणाला थेट अंगण. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. शाळेबाहेर गावोगावच्या ओसऱ्यांवर तोच नियम होता. डॉ. आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर या भागातल्या बौद्ध घरांत बैठकीच्या खोलीला एक मुख्य भिंत आली. तिच्यावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. खाट, खुर्ची काहीही असो, पाय त्या भिंतीकडे होऊ नयेत हे पाहून ठेवायचं. खोलीला पुढचं-मागचं आलं, आणि ते यजमानाच्या मोठेपणावर ठरलेलं नव्हतं.

मोठेपणावर ठरलेली बैठक मालगुजाराची. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी या प्रांतात मालगुजारी बसवली, आणि ३१ मार्च १९५१ रोजी ती संपेपर्यंत गावचा वसूल मालगुजाराच्या वाड्यावर होत राहिला. तिथल्या बैठकीत नजर रस्त्याकडे जात नसे, गादीकडे जाई. एका टोकाला गादी, पाठीशी लोड, दोन्ही हातांना तक्के, आणि तिथून दाराकडे माणसांची प्रतवारी उतरत जाणारी. हे थेट दरबाराचं छोटं रूप. पुण्याच्या शनिवारवाड्यात १७९० साली सवाई माधवराव पेशव्यांनी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटशी केलेल्या तहाचं थॉमस डॅनियलचं प्रसिद्ध चित्र आहे. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून त्यानं ते १८०५ साली पुरं केलं. एवढा मोठा महाल, पण दरबार भरलाय तो जमिनीवर. महालात मोठेपणा दाखवायला गादीची जागा आणि तिच्यापासूनचं अंतर पुरे होतं.

खुर्ची आली ती कचेरीतून, शाळेतून आणि दौऱ्यावरच्या साहेबामागून. गावात आधी एक-दोन खुर्च्या असत, त्याही ‘साहेबासाठी’. पण खुर्चीमुळे मांडणी बदलली नाही. ती खाटेशेजारी त्याच ओळीत गेली. मांडणी बदलली सोफासेटनं. तीन जणांचा एक लांब सोफा, दोन एकेरी खुर्च्या आणि मधे टीपॉय, हा हिशेब चौकोनी खोलीचा आहे. माणसांनी समोरासमोर बसावं, मधल्या टेबलावर चहा यावा, ही त्यातली कल्पना. मुंबईत १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं, तेव्हा अशा नव्या दिवाणखान्यांचे नमुने पाहायला मोठी गर्दी लोटली. त्याच शहरात बीडीडी चाळीतलं अख्खं कुटुंब १६० चौरस फुटांच्या एका खोलीत राहत होतं. तिथे रात्री अंथरूण आणि सकाळी बैठक, हीच मांडणी. खाटेच्या जागी लोखंडी कॉट आणि तिच्याखाली ट्रंका. म्हणजे झाडीतल्या सपरीची रीत परळ-वरळीच्या खोलीतही चालू होती, फक्त नजरेसमोर अंगणाऐवजी गॅलरी.

केशोरीच्या शेजारी या सगळ्याहून निराळी एक मांडणी आहे. इटियाडोह धरणाजवळ, गोठणगाव-प्रतापगडच्या भागात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. तिबेटी रिवाजाच्या बैठकीत भिंतीला लागून बुटके, लांब बाक असतात, त्यांवर लोकरीचे गालिचे आणि पुढ्यात नक्षीचं छोटं टेबल. देवघराजवळची जागा मानाची. बाक दिवसा बसायला आणि रात्री निजायला, आणि खोलीचा मधला भाग मोकळा. खोली लांबट असो की चौकोनी, बाक भिंतीबरोबर वळतात. ज्याला आज फर्निचरची दुकानं कॉर्नर सोफा म्हणून भारी किमतीला विकतात, त्याची रीत इथे केव्हाची रुळलेली आहे. उंच पठारावरच्या थंडीसाठी केलेली ही बैठक धानाच्या मुलखातल्या उन्हाळ्यात कशी निभली, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सोफ्यानं समोरासमोर बसवलेल्या माणसांना टीव्हीनं पुन्हा एका दिशेला वळवलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, रंग १९८२ साली आले, आणि जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागलं. ज्याच्या घरी संच, त्याच्या बैठकीत त्या वेळी सोफा ही अडचण होती. तो मागे सरकवायचा, टीपॉय उचलून आत न्यायचा, सतरंजी टाकायची आणि आळीतली पोरं पुढे बसवायची. टीव्ही सपरीत ठेवता येत नाही. उजेड पडतो, पावसाची झड येते, चोरीची भीती. तो आतल्या खोलीत गेला, आणि त्याच्यामागून बैठकही आत गेली. सपरीतून रस्ता पाहणारा पाहुणा आता भिंत पाहू लागला.

विदर्भात यावर कूलरची सत्ता चालते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की सोफा कुठे शोभतो हे कुणी विचारत नाही. कूलर खिडकीला लागतो, कारण त्याला बाहेरची हवा हवी. त्याच्या समोरच्या दाराला फट हवी, नाहीतर खोलीत दमट घाम साचतो. वाऱ्याच्या या पट्ट्यात दिवाण येतो. बाकी सामान उरलेल्या जागेत. म्हणून एकाच घराच्या दोन मांडण्या असतात, होळीनंतरची आणि पावसाळ्यानंतरची. शहरातल्या सजावटीच्या सल्ल्यांत हा भाग सापडायचा नाही; तिथे खोलीला ऋतू नसतो.

आता नवं घर म्हणजे बहुतेकांसाठी घरकुल. १९८५ च्या सुमारास सुरू झालेली इंदिरा आवास योजना २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना झाली आणि घराचं किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर झालं, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे साधारण २७० चौरस फूट. त्यात भिंती चार इंच सरकवायलाही वाव नाही. पुढची खोली कशीबशी दहा बाय दहा, तिला तीन दारं : एक बाहेरचं, एक आतल्या खोलीचं, एक स्वयंपाकाच्या जागेचं. तीन दारांच्या खोलीत सलग भिंत उरते एकच, आणि त्या एका भिंतीवर आलमारी, टीव्ही, तसबिरी आणि दिवाण या चौघांचा हक्क. आंदणातला तीन जणांचा सोफा साडेसहा फुटांचा. तो ठेवला की आतलं दार अर्धंच उघडतं. ज्यांना जमतं ते घरकुलाच्या पुढे टिनाचे पत्रे आणि बांबूचे चार खांब देऊन छपरी काढतात. शासनाच्या नकाशात नसलेली सपरी अशी पाच-सहा महिन्यांत परत उभी राहते, तेवढीच लांबट आणि तेवढीच अरुंद, आणि खाट पुन्हा भिंतीला लागते.

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत या सगळ्याची परीक्षा होते. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दुकानं, रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि घरोघरी लेकी-जावई, व्याही, शिवाय मुलगी पाहायला आलेले. एका घरी पंधरा-वीस माणसं सहज. पूर्वी शेजारच्या चार घरांच्या खाटा गोळा होत. आता प्लास्टिकच्या खुर्च्या होतात. एकसंध साच्यातून काढलेली, एकात एक बसणारी ही खुर्ची गावात आली आणि खाटेनं सोडलेली जागा तिनं घेतली : हलकी, उचलायला सोपी, पावसात भिजली तरी चालणारी, काम झालं की दहाची थप्पी करून कोपऱ्यात. कमी पडल्या तर बिछायत केंद्रातून आणायच्या. परत करताना सरमिसळ होऊ नये म्हणून पाठीवर केंद्राचं नाव रंगवलेलं असतं, तरीही हिशेबात दोन-चार खुर्च्या इकडच्या तिकडे होतातच, आणि वर्षभर कुणाच्या तरी सपरीत दुसऱ्याच गावचं नाव मिरवत राहतात.