मलावीचा निवडणूक खटला (२०१९–२०)

आग्नेय आफ्रिकेतील मलावी या देशात २१ मे २०१९ रोजी झालेली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द ठरवणारा खटला. निवडणुकीतील गैरप्रकारांचा पुरावा कसा जोखावा, यासाठी तो मुळातून अभ्यासण्याजोगा आहे. कोणी किती मते चोरली हे सिद्ध न होताही निवडणूक कशी अवैध ठरते, याचे इतके सविस्तर न्यायालयीन विवेचन क्वचितच सापडते.

निवडणूक आयोगाने २७ मे रोजी निकाल जाहीर केला. सत्तारूढ अध्यक्ष पीटर मुथारिका यांना ३८.५७ टक्के, मलावी काँग्रेस पक्षाचे लाझारस चक्वेरा यांना ३५.४१ टक्के आणि उपाध्यक्षपदी असतानाच वेगळा पक्ष काढून उभे राहिलेले सॉलोस चिलिमा यांना २०.२४ टक्के मते मिळाली होती. पहिल्या दोघांतील अंतर सुमारे १,५९,००० मतांचे होते. मतदानाच्या दिवशी फारसे काही बिघडले नव्हते आणि परदेशी निरीक्षकांचे सुरुवातीचे अभिप्रायही अनुकूल होते. संशय उत्पन्न झाला तो कागदांवरून. मतदान केंद्रांवरून आलेल्या अनेक निकालपत्रकांतील आकडे ‘टिपेक्स’ या पांढऱ्या द्रवाने, म्हणजे आपल्याकडच्या व्हाइटनरने, पुसून त्यांवर नवे आकडे लिहिलेले होते. लोकांनी या निवडणुकीला ‘टिपेक्स निवडणूक’ हेच नाव दिले. आयोगाच्या अध्यक्ष जेन अन्साह यांच्या राजीनाम्यासाठी कित्येक महिने मोर्चे निघत राहिले.

चक्वेरा आणि चिलिमा न्यायालयात गेले. लिलाँग्वे येथे उच्च न्यायालयाचे पाच न्यायाधीश घटनापीठ म्हणून बसले. पुराव्यात केवळ व्हाइटनर नव्हता. हाताने केलेली खाडाखोड होती, केंद्राध्यक्षांच्या सह्या नसलेली पत्रके होती, आणि मूळ पत्रकाऐवजी दुसरीच प्रत वापरल्याची उदाहरणे होती. मतदारांच्या तक्रारी ऐकून निवाडा करणे हे आयुक्तांचे स्वतःचे काम. ते त्यांनी कर्मचाऱ्यांवर सोडल्याचेही सुनावणीत उघड झाले.

आयोगाचा बचाव वरकरणी सयुक्तिक होता. बेरजेतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी द्रव वापरला, त्यामुळे कोणाचीही मते बदलली नाहीत, आणि बदलली असतील तर किती ते याचिकाकर्त्यांनी दाखवावे, असे त्याचे म्हणणे होते. खटल्याचा गाभा इथे आहे. निवडणूक रद्द करायची तर गैरप्रकारांचा निकालावर परिणाम झालेला असला पाहिजे, अशी अट मलावीच्या कायद्यात आहे. भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १०० मध्येही नियमभंगाच्या बाबतीत अशीच अट आढळते. तिचा अर्थ केवळ संख्येत मोजायचा ठरवला, तर पराभूत उमेदवाराला ती पुरी करणे जवळजवळ अशक्य होते, कारण मूळ आकडा ज्या कागदावर होता तोच पुसला गेलेला असतो.

३ फेब्रुवारी २०२० रोजी दिलेल्या सुमारे ५०० पानांच्या निकालपत्रात न्यायालयाने ही कोंडी फोडली. निकालवाचन जवळजवळ दहा तास चालले. परिणाम दोन प्रकारे दाखवता येतो, असे न्यायालयाने मानले: मतांच्या संख्येने, किंवा निवडणुकीची प्रक्रियाच विश्वासार्ह उरली नाही हे दाखवून. अनियमितता व्यापक, पद्धतशीर आणि गंभीर असल्यामुळे निकालावर विसंबता येत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्तातील एका खाडाखोडीशेजारीही सही लागते. देशाचा अध्यक्ष ठरवणाऱ्या कागदाला त्याहून सैल नियम लावण्यास न्यायाधीशांनी नकार दिला, आणि तो योग्यच होता. राज्यघटनेतील ‘बहुमत’ म्हणजे निम्म्याहून अधिक मते, असेही पीठाने स्पष्ट केले. त्या कसोटीवर ३८.५७ टक्के मुळातच अपुरे होते.

हे न्यायाधीश लष्कराच्या संरक्षणात, अंगावर गोळीरोधक जाकिटे घालून निकाल द्यायला आले होते. त्यांना लाच देऊ पाहणाऱ्या एका बँक व्यावसायिकाला पुढे शिक्षा झाली. पुराव्याची पारख करणाऱ्यांनाच असे जपावे लागले, हे या खटल्याचे वर्णन करताना विसरता कामा नये. २०२० चा चॅटम हाउस पुरस्कार या पाच जणांना देण्यात आला.

मुथारिका आणि आयोग यांचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०२० रोजी एकमताने फेटाळले. त्याच महिन्यात अन्साह पायउतार झाल्या. २३ जूनच्या फेरनिवडणुकीत चिलिमांना सोबत घेऊन चक्वेरा सुमारे ५९ टक्के मतांनी विजयी झाले.

आफ्रिकेत याआधी केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०१७ रोजी अध्यक्षीय निवडणूक चार विरुद्ध दोन अशा बहुमताने रद्द केली होती. आदेश असूनही तिथल्या आयोगाने संगणकीय सर्व्हर पुरेसे खुले केले नाहीत, आणि न्यायालयाने त्याचा अर्थ आयोगाविरुद्ध लावला. मात्र विरोधी उमेदवार रायला ओडिंगा यांनी फेरमतदानावर बहिष्कार टाकला आणि सत्तारूढ अध्यक्ष उहुरू केन्याटाच पुन्हा निवडून आले. रद्द झालेल्या निवडणुकीनंतर विरोधक जिंकल्याचे आफ्रिकेतील पहिले उदाहरण मलावीचे.

सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत मुथारिका निम्म्याहून अधिक मते मिळवून पुन्हा अध्यक्ष झाले. त्यांच्यासोबत उपाध्यक्षपदी निवडून आल्या त्या जेन अन्साह. चक्वेरा यांनी अधिकृत घोषणेपूर्वीच पराभव मान्य केला.